मच्छिंद्रच्या कॉम्प्युटरमधला आवाज

ही घटना खरी आहे.

पटो न पटो, तुमची मर्जी. ज्याच्या बाबतीत घडली तो मच्छिंद्र माझा सख्खा मावसभाऊ. त्यानं आजवर कधी थाप मारल्याचं मला आठवत नाही. थापा मारण्यात आमच्या घरात माझंच नाव आहे, पण आज मी त्यातलं काही करणार नाही.

आणखी एक. भुताखेताचं जे काही घडतं ते अमावस्येच्या रात्रीच, असं वाटत असेल तर आधीच सांगतो… ही सगळी भर दुपारची गोष्ट आहे.

२००५ सालचा मे महिना. परतूर तालुक्यातलं आष्टी. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसणार नाही असं ऊन. लोडशेडिंगमुळे लाईट सकाळी अकराला यायची आणि चारला जायची. मच्छिंद्रचं काम त्या पाच तासांत उरकायचं.

तो लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचा. बसस्टँडसमोर त्याचा स्टुडिओ होता. पुढे फोटो काढायची जागा, मधे प्लायवूडची आडभिंत, मागे कॉम्प्युटर. लग्न शूट करून आणायचं, कॅसेट कॉम्प्युटरमध्ये चढवायची, नवरा-नवरीभोवती बदाम आणि गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या. मग मूळ आवाज पुसून टाकायचा आणि वर सनई अन् गाणी भरायची.

मूळ आवाज कुणालाच नको असायचा. त्यात कोण काय बोललेलं निघेल याचा नेम नसतो. मानपानाची भांडणं, जावयाचे रुसवे, सगळं सनईखाली गाडलं जायचं. काम झालं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला.

या कामात त्याची बायको बेबीनंदा त्याच्या जोडीला असायची. तो कॅमेरा धरायचा, ती हॅलोजनचा लाईट. सुरुवातीला गावानं नावं ठेवली. पण हळदीत, नवरीच्या खोलीत, बायकांच्या घोळक्यात तिला कुणी अडवत नसे, त्यामुळे याच्या कॅसेटला मागणी वाढली आणि नावं ठेवणारेच तारखा घ्यायला यायला लागले. मूलबाळ नव्हतं. एका मोटारसायकलवर, मधे लाईटची पेटी घेऊन, दोघं तालुकाभर हिंडायचे. फार सुखात होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

नऊ वर्षं तिनं लाईट धरला.

म्हणूनच ती एकाही कॅसेटमध्ये नाही. लाईट धरणारा माणूस चित्रात येत नाही.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, जांब समर्थकडच्या एका लग्नात ती गेली. बोहल्याजवळ चप्पल चालत नाही, म्हणून अनवाणी उभी होती. धूळ बसावी म्हणून मांडवात पाणी शिंपडलेलं. लाईटच्या मुठीजवळ वायरचं आवरण तापून तापून गेलेलं. मंगलाष्टकं चालू असताना करंट लागला… आणि शेवटच्या अक्षता पडायच्या आत ती खाली पडली.

"तिच्या तोंडातून शब्द बी निघाला न्हाई," असं मच्छिंद्र सगळ्यांना सांगायचा.

वर्षश्राद्धाला चार दिवस होते तेव्हा त्याची सासू गोजरबाई पिंपळगाव रेणुकाईहून आली. म्हातारीची नजर जवळजवळ गेलेली. घरी एकटी काय बसणार, म्हणून ती त्याच्याबरोबर स्टुडिओत यायची आणि आडभिंतीला पाठ टेकून बसायची. आल्या दिवशीच तिनं विषय काढला.

"जावईबापू, फोटू नका दाखवू मला. मला काई दिसत न्हाई. बेबीचा आवाज हाय का कुठं? येवढ्या क्यासटा हायेत तुमच्याकडं."

"न्हाई मामी. आवाज ठेवत न्हाई आमी."

"येक बी शब्द न्हाई?"

"न्हाई."

म्हातारीनं आडभिंतीला डोकं टेकलं.

"चेहरा न्हाई जात बापू," ती म्हणाली. "आवाज जातो. आधी डोळे मिटले की यायचा. आता आठवायला येळ लागून राह्यला. येवढ्यासाठी आल्ते मी."

मच्छिंद्र उठून आत गेला. त्याला तिच्यासमोर बसवेना.

वर्षभर त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. नातेवाइकांनी मागे लागून त्याला पुन्हा कामाला लावलं होतं. उत्साह यावा म्हणून म्हणा, त्यानं जालन्याहून कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. जुन्या कार्डावर पाकळ्या अडखळत उडायच्या. दुकानदारानं तेव्हाच बजावलं होतं की या कार्डाला वीज जास्त लागते, जुना पॉवर सप्लाय कमी पडेल. पॉवर सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या अंगाला बसवलेला पत्र्याचा डबा, भिंतीतली वीज आतल्या भागांना वाटून देणारा. मच्छिंद्र म्हणाला, नंतर बघू.

गोजरबाई आली त्याच दिवशी त्यानं कार्ड बसवलं. आष्टीच्याच सर्जेरावांच्या मुलीचं लग्न त्यानं नुकतंच शूट केलं होतं. ते चित्र सुरू केलं. पाकळ्या झरझर उडाल्या. तो खूश झाला.

आणि मग…

आवाज आला.

बारीक. डास कानाजवळून जावा तसा. कॅबिनेटच्या मागून.

क्षणभर यायचा… थांबायचा. पुन्हा यायचा.

मच्छिंद्रनं स्पीकरची वायर काढली. आवाज तसाच. कॅबिनेट उघडून ब्रशनं पंख्याची धूळ काढली. पंख्यात पेन्सिल घालून तो क्षणभर थांबवला.

पंखा थांबला.

आवाज थांबला नाही.

जुनं कार्ड परत बसवलं. सगळं शांत. नवं बसवलं… आवाज हजर. म्हणजे दुकानदार बरोबर होता, पॉवर सप्लाय कमी पडत होता. एवढं कळल्यावर कुणीही तो बदलला असता. पण सर्जेरावांना कॅसेट दोन दिवसांत हवी होती आणि जालन्याला जायचं तर एक दिवस मोडणार. त्यानं ठरवलं, आवाज येतोय तर येऊ दे.

दुसऱ्या दिवशी अकराला लाईट आली आणि तो कामाला बसला.

आवाज वाढला होता.

आता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. आवाज सारखा येत नव्हता. वरात चालू असताना नाही. पंगतीत नाही. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली… की यायचा. चित्र मागे नेलं की थांबायचा. पुन्हा त्या जागी आणलं… की पुन्हा.

कुणीतरी सांगितलं होतं की अर्थिंग नीट नसेल तर कॉम्प्युटर गुणगुणतो. भरदुपारी त्यानं दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घातला, चार बादल्या पाणी ओतलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आत येऊन बघतो तर आवाज जिथल्या तिथे.

वैतागून त्यानं पिनच भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला.

आवाज…

चालूच होता.

पिन त्याच्या हातात होती. तो तिच्याकडे बघत उभा राहिला आणि मोजायला लागला. मला त्यानं सांगितलं की शंभरापर्यंत मोजलं. मधे मधे थांबत, श्वास घेत असल्यासारखा, तो आवाज शंभर मोजेपर्यंत येत राहिला. मग गेला.

आडभिंतीपलीकडे गोजरबाई बसली होती. 

मच्छिंद्रनं मला फोन केला. मी जालन्यात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मीटर लावून बघितल्याशिवाय काही खरं न मानणारा माणूस. मी त्याला समजावलं की नव्या कार्डाचा भार पडला की पॉवर सप्लायमधल्या तारांच्या गुंडाळ्या थरथरतात. पडद्यावरचं चित्र बदललं की भार बदलतो, म्हणून आवाजही बदलतो. यात घाबरण्यासारखं काही नाही.

"अन् पिन काढल्यावर?" त्यानं विचारलं.

"आत थोडी वीज साठून राहते रे."

"शंभर मोजेस्तोवर?"

मी हसलो. तू घाबरून भरभर मोजलं असशील, म्हणालो.

हे मी बोललो. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास सर्जेरावांचा फोन आला. कॅसेट कुठवर आली म्हणून ते चढ्या आवाजात विचारत होते. मच्छिंद्र एका कानाला रिसीव्हर धरून, "होऊन राह्यली, जल्दीच देतो," म्हणत होता. पडद्यावर अंतरपाट धरलेला होता. मागे तो आवाज चढत चाललेला.

त्याला फोनवरचं ऐकू येईना.

त्यानं वळून न बघता, नुसतं सवयीनं, ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ!"

आवाज थांबला.

तोडल्यासारखा नाही. मशीन बंद पडल्यासारखा नाही. एखादं माणूस बोलता बोलता ओशाळून गप्प होतं… तसा.

रिसीव्हर त्याच्या हातातून सुटला.

इथं मला ती गोष्ट सांगावी लागेल जी त्यानं वर्षभर कुणालाच सांगितली नव्हती.

बेबीनंदाच्या तोंडून शब्द निघाला होता.

मंगलाष्टकं चालू होती. मच्छिंद्रचा डोळा कॅमेऱ्याला. बेबीनंदा त्याच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर. ती हळूच म्हणाली, "आवो…"

कॅमेऱ्यात जवळचा आवाज आधी भरतो. म्हणून त्यानं न वळता ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "शूऽऽ!"

ती गप्प झाली.

पुढच्या कडव्याला ती पडली.

जो आवाज तो नंतर पुसूनच टाकणार होता, तो खराब होऊ नये म्हणून त्यानं बायकोला बोलू दिलं नाही. वर्षभर तो एकच गोष्ट चघळत होता. 'आवो'च्या पुढे काय होतं? करंट येऊन राह्यला, असं म्हणणार होती का? तसं असेल तर तिला त्यानं मारलं. की सहजच काहीतरी सांगायचं होतं, लाईट वर घेऊ का, पाणी पिऊन येऊ का? मग त्यात त्याचा दोष नव्हता. त्या एका वाक्यावर त्याचं सगळं अडलेलं होतं, आणि ते वाक्य जगात कुठेच नव्हतं.

त्या लग्नाचीही कॅसेट त्यानं केली होती. लोकांना द्यायलाच लागते. तिचं "आवो" आणि त्याचं "शूऽऽ" त्यानं स्वतःच्या हातानं सनईखाली घातलं. मूळ कॅसेट जपून ठेवण्याचं धैर्य त्याला झालं नाही. ती त्यानं कोऱ्या कॅसेटच्या पेटीत टाकून दिली.

आता त्यानं कॅमेऱ्यातून सर्जेरावांच्या लग्नाची कॅसेट बाहेर काढली. वर नवी चिठ्ठी होती. तिची कड नखानं उचलली.

खाली जुनी चिठ्ठी…

जांबच्या लग्नाची. अक्षर बेबीनंदाचं. निघायच्या आधी चिठ्ठ्या तीच लिहायची.

समजा तुम्ही त्याच्या जागी असता, तर काय केलं असतं? मी बसून ऐकलं असतं, असं म्हणणं सोपं आहे. मच्छिंद्र घाबरला. भुताला नाही. पुढचं वाक्य ऐकू येईल, याला घाबरला. 'करंट' हा शब्द त्या बारीक आवाजात कानावर पडला तर आपण जगू शकणार नाही, असं त्याला वाटलं.

चौथ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तो जालन्याला आला. माझ्या ओळखीच्या दुकानातून, मी निवडून दिलेला, भारी पॉवर सप्लाय घेऊन दुपारपर्यंत परत गेला. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध होतं. ते हे सगळं संपवून करायचं, असं त्याच्या मनात होतं. मला त्यातलं काही बोलला नाही. मी त्याची पाठ थोपटली. शहाण्यासारखं वागलास, म्हणालो.

जुना काढला. नवा बसवला. चार स्क्रू आवळले. चित्र सुरू केलं.

अंतरपाट. मंगलाष्टकं. अक्षता.

काहीच नाही.

पुन्हा मागे नेलं. पुन्हा लावलं. बिलकुल शांत.

त्यानं खुर्चीला पाठ टेकली. वर्षभरात पहिल्यांदा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

तेवढ्यात आडभिंतीवर टकटक झाली.

"जावईबापू?"

"काय मामी?"

"बंद कामून केलं?"

 तो उठून बाहेर आला. म्हातारी आडभिंतीला कान लावून बसली होती. चेहरा कधी नव्हे इतका निवांत.

"काय बंद केलं, मामी?"

"बेबीला." ती हसली. "मला न्हाई म्हनले अन् गुपचूप लावून ऐकून राह्यलेत. मी वळखलं व्हतं. तीन दिस झाले, मी बी ऐकून राह्यले. म्हनलं, बापूला रडायला यील, आपुन कशाला बोलावं. लावा ना पुन्हा."

"काय… काय म्हनत व्हती ती?"

"'आवो.'"

मच्छिंद्रनं आडभिंत धरली.

"येवढंच. 'आवो' म्हनायची अन् थांबायची. मंग पुन्हा 'आवो'. मला वाटलं पुढचं आता म्हनंल, मंग म्हनंल. लई लाजरी व्हती ना ती, आधी धा बार हाक मारायची. त्याच्यासाठीच तर बसले व्हते मी हितं पानी बी न पिता. काय म्हनायचं व्हतं बापू तिला?"

मच्छिंद्र धावत आत गेला.

नवा पॉवर सप्लाय उपटून काढला. स्क्रू कुठे पडले त्याला कळलं नाही. जुना बसवला. तेच कार्ड, त्याच वायरी, तोच प्लग, तेच चित्र. म्हातारीला हाताला धरून आत आणलं आणि कॅबिनेटजवळ बसवलं.

अंतरपाट. मंगलाष्टकं. अक्षता.

पंख्याची घरघर… बाकी काही नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा. पुन्हा. एकदा, दहादा, वीसदा. तो चित्र मागे नेत होता आणि रडत होता. गोजरबाईनं चाचपत हात पुढे केला आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर ठेवला.

"बोल माय," ती म्हणाली. "मी हाय हितं. बोल ना बेबे."

चार वाजले. लाईट गेली. पडदा काळा झाला. पंखाही थांबला.

त्या शांततेत मच्छिंद्रनं तिला सगळं सांगितलं. "आवो" कधी म्हणाली, कुठे उभी होती, त्यानं काय केलं. ओठांवरचं बोट सांगितलं. तीन दिवस हाच आवाज बंद करण्यासाठी धडपडत होतो, हेही सांगितलं. काही लपवलं नाही.

गोजरबाई ओरडली नाही. शाप दिला नाही. तिनं पत्र्यावरचा हात उचलून घेतला, पदरात ठेवला.

"दोन बार गप केलं तुमी तिला," ती म्हणाली. "आता कामून बोलंल ती?"

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध झालं. म्हातारी पानावर बसली, पण जेवली नाही. दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीनं पिंपळगावला निघून गेली. पुन्हा आष्टीला आली नाही.

मच्छिंद्रनं हे मला पुढच्या दिवाळीत सांगितलं. स्टुडिओत, दुपारी, त्याच कॉम्प्युटरसमोर बसून. जुना पॉवर सप्लाय अजून आत होता. मी सवयीनं बोलून गेलो. गुंडाळ्या एकदा हलवल्या की जागच्या जागी घट्ट बसतात, मग परत आवाज येत नाही. सासूबाईंना मुलीची आस होती, आस असली की माणसाला ऐकू येतं. जुन्या चिठ्ठीचं म्हणशील तर तुझ्या सगळ्याच कॅसेटवर जुन्या चिठ्ठ्या असतात. मी बरंच काही बोललो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आवाज कशाचा व्हता, ते न्हाई विचारून राह्यलो मी तुला," तो म्हणाला. "पुढं काय व्हतं, ते सांग."